साहेबांचे मासे

रविवारी सकाळी कुसुमताईंनी इडली चटणीत बुडवून घास तोंडात घातला आणि तो तिथेच थांबला. ना गिळवे, ना थुंकवे. चटणीला खोबऱ्याचा वास होता, मिरचीचा होता आणि त्या दोन्हींच्या खालून तिसराच एक वास येत होता. गंजक्या लोखंडासारखा. रक्ताचा.

"स्वप्नाली, खोबरं खराब होतं काय गो?"

सुनेने मान हलवली. तिनेही चटणी बोटाने बाजूला सारलेली होती. ती नवऱ्याकडे बघत होती आणि नवरा, म्हणजे कुसुमताईंचा सुजित, ताटाकडे.

"मी भांडं दोनदा धुतलं होतं," सुजित हळूच म्हणाला. "गरम पाण्याने. साबण लावून."

कुसुमताई उठून मोरीवर गेल्या. घास थुंकला, चूळ भरली, परत भरली, तरी तो वास टाळूला चिकटून राहिला. चटणीच्या मिक्सरात पोराने काय फिरवलं होतं ते विचारायची गरजच नव्हती. आदल्या दिवशी त्यांनी बर्फाच्या कप्प्यात लाल, चपटी, पाटीसारखी गोठलेली पिशवी पाहिली होती. ओलं खोबरं तिच्यावरच ठेवलं होतं.

सुजित चाकणला गाड्यांचे गिअर बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला होता. त्याच्या प्लँटचे मोठे साहेब कामासाठी बायकोसह काही महिने जर्मनीला निघाले, तेव्हा त्यांच्या घरच्या माशांचा प्रश्न उभा राहिला. साधे मासे नव्हेत ते. डिस्कस. पुरीसारखे गोल, चपटे, अंगावर निळ्या-केशरी रेघा आणि डोळे लालभडक. सहा होते. साहेबांनी मीटिंगमध्ये सहज विषय काढला, आणि कोणी काही बोलायच्या आत सुजित म्हणाला, "सर, माझ्याकडे ठेवतो ना."

कंपनीच्या टेम्पोतून टाकी पिंपळे गुरवला सुजितच्या घरी आली. चार माणसांनी ती जिन्याने वर चढवली आणि हॉलमध्ये, जिथे कुसुमताईंची दुपारची आडवं व्हायची जागा होती, तिथे ठेवली. या माशांना पाणी गरम लागतं म्हणून आत हीटर. गरम पाण्याला वास जास्त. आणि खाणं काय, तर बकऱ्याचं काळीज. खाटीक त्याला दिल म्हणतो. ते आणायचं, त्याच्या शिरा आणि चरबी काढायची, पालक-लसूण घालून वाटायचं, गोठवायचं आणि दिवसातून तीनदा किसून घालायचं. साहेबांच्या बायकोचं, मॅडमचं, म्हणणं, याने रंग खुलतो. त्यांनी दिलेला साठा संपला आणि सुजितने घरचा मिक्सर काढला.

कुसुमताई काही शाकाहारी नव्हेत. माहेर-सासर दोन्ही हर्णै बंदराच्या आसपासचं. सोमवार-गुरुवार सोडला तर ताटात मासा नाही असा दिवस नवरा असेतोवर त्यांनी पाहिला नव्हता. बांगडा साफ करताना हात कोपरापर्यंत खवल्यांनी भरला तरी त्यांना काही वाटत नसे. पण मासा माणसाने खायचा असतो, एवढं त्यांना कळत होतं. माशाने चार पायांचं काळीज खायचं, तेही आपल्या मिक्सरात वाटलेलं, हे त्यांच्या पोटात उतरेना.

"या घरात ते काळीज यापुढे येणार नाही," मोरीवरूनच त्यांनी सांगितलं. "दुकानात माशांचे दाणे मिळतात, ते घाल."

"आई, ते दाणे खात नाहीत. मॅडमनी करून बघितलंय. लहानपणापासून त्यांना हेच माहीत आहे."

"मग आता दुसरं माहीत होऊ दे."

"एक जरी गेला ना, तर साहेब काय म्हणतील?"

"काय म्हणतील? तुला खातील?"

स्वप्नाली हसली. सुजित हसला नाही. त्याने वेगळा छोटा चॉपर आणला, चटणीचं भांडं भंगारात गेलं, आणि काळीज घरात येतच राहिलं.

मग कंपनीने सुजितला महिनाभर होसूरच्या प्लँटवर धाडलं. जाताना त्याने पिशव्या भरून साठा करून ठेवला. स्वप्नाली हिंजवडीत कामाला. सकाळी कॅबने गेली की अंधार पडल्यावर घरी. "आई, मी भांडी घासेन, कपडे वाळत घालेन, पण त्या काळजाला हात लावणार नाही. तुमच्या मुलाचे साहेब आहेत, माझे नव्हेत," असं तिने स्वच्छ सांगून टाकलं. तिला दोष तरी कसा द्यायचा? उरल्या कुसुमताई.

पहिल्या दिवशी त्यांनी नाकाला पदर बांधला आणि तो लाल तुकडा किसणीवर घासला. बोटांच्या उबेने तो वितळायला लागला. नखांत गेला. किसणीच्या भोकांत पांढऱ्या शिरांचे धागे अडकले, ते ओढून काढताना त्यांच्या घशाशी आलं. चिमूट पाण्यात सोडली तर ते सहाही ताटल्यांसारखे तिरके होऊन धावले आणि ओठ पुढे काढून फुंकर घालावी तसे ते तुकडे आत ओढू लागले. पाण्यात गुलाबी धूर पसरला. थोड्याच वेळात एकेकाच्या मागून शेणाच्या दोऱ्यासारखी लांब विष्ठा लोंबू लागली. ती घेऊन ते ऐटीत फिरत होते. कुसुमताईंना त्या दिवशी दुपारचं जेवण गेलं नाही.

आठवड्यातून दोनदा तळाची घाण काढायची होती. त्यासाठी एक नळी. एक टोक टाकीत, दुसरं टोक तोंडाने ओढायचं, पाणी आलं की पटकन बादलीत सोडायचं. सुजित हे झटक्यात करायचा. कुसुमताईंनी ओढलं, काही आलं नाही. जोर लावून ओढलं, तरी नाही. तिसऱ्यांदा ओढलं तेव्हा आलं ते थेट घशात. कोमट, बुळबुळीत, मासळी-बाजाराच्या गटारात लसूण ठेचावा तशा चवीचं. त्या बादलीवर वाकल्या आणि सकाळचा चहासुद्धा बाहेर आला. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, नळी हातातून सुटून लादीवर सगळा चिखल. आणि काचेआडून ते सहाही लाल डोळ्यांनी बघतायत.

"मेल्यांनो," कुसुमताई म्हणाल्या, "आता बघा."

त्यांनी उरलेल्या सगळ्या पिशव्या ओल्या कचऱ्यात भरल्या आणि घंटागाडी आली तशी आपल्या हाताने तिच्यात टाकल्या. एक तेवढी ठेवली. का ठेवली ते त्यांनाही सांगता आलं नसतं. थोडी भीती असावी.

बाजारातून दाण्यांचा डबा आणला. दाणे पाण्यात टाकले. सर्वांत मोठा मासा, ज्याला स्वप्नाली 'चेअरमन' म्हणायची, तो सावकाश आला, त्याने दाणा तोंडात घेतला, क्षणभर ठेवला आणि थू करून बाहेर टाकला. परत घेतला, परत थुंकला. बाकीच्यांनी ते बघून तोंडही लावलं नाही.

कुसुमताईंना हे काळजापेक्षाही झोंबलं. अन्न तोंडात घेऊन थुंकायचं! त्यांच्या घरात कोणी भातातला खडासुद्धा मोठ्याने थुंकत नसे. मऊ होऊन फुगलेले दाणे तळाशी बसले, त्यांच्यावर पांढरी बुरशीची लव आली, आणि ती लव चिमट्याने वेचून काढायचं काम त्यांच्याच नशिबी.

"उपाशी राहू देत," त्यांनी स्वप्नालीला सांगितलं. "भूक लागली की झक मारत खातील."

पण ते खाईनात. दिवस गेले तसे रंग उतरले, अंगं काळवंडली. कपाळं आत गेली. सगळे एका कोपऱ्यात डोकी खाली करून उभे राहिले. त्यात एक लहानखुरा होता, तो तर बाकीच्यांच्याही मागे.

शेजारच्या इमारतीतल्या शालनबाई निवडायची मेथी घेऊन गप्पा मारायला यायच्या. त्या मूळ पिंपळे गुरवच्याच. आता त्यांच्या शेतावर सोसायट्या उभ्या होत्या, पण एके काळी दावणीला आठ-दहा म्हशी असायच्या. त्यांनी टाकीकडे बघितलं आणि नाक मुरडलं.

"ह्ये काय मढ्यावानी हुबं हायेत वो?"

कुसुमताईंनी सगळं सांगितलं.

"असं एकदम तोडत्यात व्हय? आमची म्हस बी पेंड बदलली की तोंड फिरवायची. मग जुन्या पेंडीत नवी मूठभर मिसळायची. दुसऱ्या दिशी दीड मूठ. जुनी कमी कमी करत न्यायची. तिला कळायच्या आत बदललेली असती. आन् ह्ये दाणं काय, मातकट. जरा वास असलेलं काय तरी घाला की."

वास असलेलं! कुसुमताई उठल्या आणि माळ्यावरचा पत्र्याचा डबा काढला. गावाहून भावजयीने दिलेला जवळा, उन्हात खडखडीत वाळवलेली बारीक सुकट. झाकण उघडलं आणि त्यांना त्या महिन्यात पहिल्यांदा पोटभर श्वास घेता आला. शालनबाईंनी मात्र पदर नाकाला लावला. "आगं आई गं! ह्याच्यापरीस त्ये काळीज बरं!"

जवळा भिजवून, दोनदा पाणी बदलून, पाट्यावर वाटला. मिक्सरला त्या आता हातही लावत नव्हत्या. राखून ठेवलेल्या पिशवीतलं काळीज किसलं, उमासे काढत काढत, आणि त्यात चिमूटभर जवळा मिसळला. चेअरमन आला. घेतलं. थांबला. कुसुमताई काचेला नाक लावून उभ्या. "थुंक बघू," त्या म्हणाल्या, "थुंकून तर दाखव."

गिळलं त्याने. मग दुसरा आला, मग बाकीचे.

पुढे शालनबाईंच्या म्हशीचाच मार्ग. जवळा वाढत गेला, काळीज घटत गेलं. मध्ये एकदा त्यांनी घाई केली आणि माशांनी परत थुंकाथुंकी सुरू केली, तेव्हा एक पाऊल मागे यावं लागलं. पण ती राखलेली पिशवी संपली तेव्हा पाच मासे नुसता जवळा खात होते आणि रंगही परत धरत होते. सहावा, तो लहानखुरा, खायला पुढे आलाच नाही. एका सकाळी तो आडवा होऊन तरंगत होता आणि बाकीचे त्याच्या डोळ्याला टोचत होते.

आयुष्यभर मासे कापलेल्या कुसुमताईंना त्याला हात लावेना. अंगावरची बुळबुळ पांढरी होऊन सुटत होती. शेवटी स्वप्नालीने दोन पिशव्या हातांवर चढवून तो काढला, वर्तमानपत्रात गुंडाळला. 

"माझ्यामुळे गेला तो," कुसुमताई म्हणाल्या. "उपाशी ठेवला ना एकदम."

"हो," स्वप्नाली म्हणाली. खोटं बोलून समजूत घालायची तिला सवय नव्हती. मग म्हणाली, "पण पाच जगवलेत."

सुजित परत आला तो बॅग खाली ठेवायच्या आत मोजायला लागला. दोनदा मोजले. त्याचा चेहराच उतरला.

"साहेबांना काय सांगू मी?"

"मेला म्हणून सांग."

"तुला कळत नाही आई." तो सोफ्यावर बसला. "मी रोज त्यांना व्हिडिओ पाठवतोय."

"होसूरहून?"

तेव्हा कळलं. जायच्या आधी त्याने सहाही मासे काळीज खाताना ढीगभर व्हिडिओ काढून ठेवले होते आणि रोज एक पाठवत होता. 'गुड मॉर्निंग सर, ऑल सिक्स हॅप्पी.' कुसुमताईंनी मोबाइलवर ते बघितलं. खाली साहेबांचा अंगठा. रोज एक अंगठा. इकडे त्या नळीने घाण ओढत होत्या, तो लहानगा कोपऱ्यात सुकत होता, आणि तिकडे ऑल सिक्स हॅप्पी.  स्वयंपाकघरात जाऊन त्या उगाच ओटा पुसत बसल्या.

त्या रविवारी साहेबांचा व्हिडिओ कॉल आला. सुजितने घरातच इस्त्रीचा शर्ट चढवला. फोन टाकीसमोर असा तिरका धरला की अर्धी टाकी दिसावी.

"वा, सुंदर!" साहेबांचा आवाज आला. "पण पाचच दिसतायत रे?"

"एक मागे आहे सर, टाकीतल्या लाकडामागे. लाजतो सर तो. हॅ हॅ हॅ."

ते हसणं! कुसुमताई दारात उभ्या होत्या. हा पोरगा लहानपणी गावच्या खाजणात गुडघाभर चिखलात उतरून खेकडे धरायचा, खेकडा चावला तरी रडायचा नाही. त्याच्या तोंडून ते चिकट, लाळ सुटल्यासारखं हसणं आलं तेव्हा त्यांच्या घशाशी अगदी तसंच आलं जसं नळीचं पाणी आलं होतं. आपल्या पोटच्या पोराची शिसारी येते, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा समजलं. ते समजणंही गिळवेना.

"आणि सर, आई तर इतका जीव लावते ना त्यांना..."

कुसुमताईंनी पुढे होऊन फोन हातात घेतला. "नमस्कार साहेब. मी सुजितची आई. एक मासा मेला. आठवडा होऊन गेला. माझ्या हातून मेला, त्याचा दोष सुजितवर धरू नका. बाकीचे पाच बरे आहेत."

पलीकडे साहेबांच्या जागी मॅडम आल्या. गोऱ्या, केस कापलेल्या, हातात कॉफीचा मग. "अय्या, मेला का? कशाने? फूड देत होतात ना नीट?"

"काळीज बंद केलं मी. आता जवळा खातात."

"जवळा म्हणजे?"

"सुकट हो. वाळवलेली."

मॅडमचं तोंड कॅमेऱ्यासमोरच वाकडं झालं. "शी! सुकट? ड्राय फिश? अहो, घरभर वास येत असेल! आणि तेच पाणी परत आमच्या हॉलमध्ये ठेवायचं? शी शी, मला कल्पनाच करवत नाही."

कुसुमताई त्यांच्याकडे बघत राहिल्या. बकऱ्याच्या काळजाचा लगदा करून बर्फात ठेवणारी ही बाई सुकटीला नाक मुरडत होती. राग येण्यासारखंच होतं, पण त्यांना हसू आलं, आणि ते त्यांनी लपवलं नाही.

"मॅडम, वास येतो," त्या म्हणाल्या. "खाणं आहे, वास येणारच."

फोन सुजितने ओढून घेतला. "सॉरी मॅडम, सॉरी, आई जरा जुन्या विचारांची..." फोन बंद झाला होता.

त्या दिवशी माय-लेक एकमेकांशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. आठवडा संपायच्या आत साहेबांचा ड्रायव्हर बादल्या आणि जाड पिशव्या घेऊन आला. मॅडमनी मासे देहूरोडला त्यांच्या ओळखीच्या एका निवृत्त कर्नलना देऊन टाकायला सांगितले होते. टाकी नको म्हणाल्या, नवीन घेऊ. सुजित कंपनीत होता. कुसुमताईंनीच एकेक मासा जाळीत धरून पिशवीत सोडला. चेअरमनने शेपटी मारून त्यांच्या तोंडावर पाणी उडवलं, ते त्यांनी पदराने पुसलं. मग जवळ्याचा डबा ड्रायव्हरच्या हातात दिला. भिजवायचा कसा, पाणी कितीदा बदलायचं, सगळं सांगितलं. ड्रायव्हरने डबा अंगापासून लांब, दोन बोटांत धरला.

"दुसरं काही नका घालू एकदम," त्या म्हणाल्या. "हळूहळू बदला म्हणावं, नाहीतर थुंकतात."

संध्याकाळी सुजित आला, रिकाम्या टाकीकडे बघितलं आणि आत गेला. पुढचे काही दिवस त्याने फोन हातातून खाली ठेवला नाही. साहेब आता काय बोलतील, कधी बोलतील. साहेब काही बोलले नाहीत. चिडले नाहीत, विचारलं नाही, माशांचा विषयच त्यांच्याकडून निघाला नाही. ड्रायव्हर मात्र एकदा भेटला तेव्हा म्हणाला, कर्नल साहेब स्वतः जवळा भिजवतात, मासे तुकतुकीत झालेत.

मग एका रविवारी साहेबांचा फोन आलाच. कुसुमताई हॉलमध्ये टाकीच्या जागची लादी फिनेलने पुसत होत्या. टाकी आदल्या दिवशीच भंगारवाल्याने नेली होती, तरी लादीच्या फटींत हिरवट बुळबुळ होती आणि ती जुन्या ब्रशने खरवडावी लागत होती.

"हो सर. हो सर. लगेच सर. प्लंबर माझ्या ओळखीचा आहे सर, घेऊनच जातो. नाही नाही सर, सुट्टीच आहे मला."

फोन ठेवून तो बूट घालायला बसला. साहेबांच्या बंद फ्लॅटच्या बाथरूममध्ये नळ गळत होता. खालच्या मजल्यावरच्यांनी तक्रार केली होती.

कुसुमताई हातातला ब्रश तसाच धरून त्याच्याकडे बघत होत्या. "सुजित," त्या म्हणाल्या, "तुला घाण नाही वाटत रे?"

त्यांना वाटलं तो चिडेल, नाहीतर काहीतरी कारण सांगेल. त्याने लेसची गाठ मारली, सोडली, परत मारली.

"वाटते," तो म्हणाला. "हसतो ना मी फोनवर, तेव्हा तर फार वाटते." मग वर न बघता म्हणाला, "पण माझ्या जागेवर बसायला चाकणला रांग लागलीय, आई. हे सगळं नाही केलं तर काय होईल ते मला माहीत नाही. काही होणारही नाही कदाचित. पण करून बघायची छाती नाही."

कुसुमताईंनी ब्रश बादलीत टाकला. हात धुतले, साबणाने, कोपरापर्यंत.

"प्लंबर थांबला असेल," सुजित उठला.

"थांबू दे. चहा टाकते, घेऊन जा."

तो ओट्याशी उभ्यानेच चहा प्यायला, कप विसळून पालथा घातला आणि गेला. त्या परत हॉलमध्ये आल्या आणि उरलेली लादी पुसायला बसल्या.